दोन भाषांची एक उपासना

आमच्या विद्यालयांत नाताळच्या सुटीपूर्वीं जी उपासना होत असते, ती इंग्रजी व मराठी अशा दोन भाषांत होते, हें विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. अलीकडे कांहीं पालकांनीं अशी सूचना केली आहे कीं, ही उपासना यापुढें केवळ इंग्रजींत व्हावी. त्यांचीं कारणें आम्हांस क्षुल्लक वाटत नाहींत. दोन भाषांमुळें उपासना लांबते; इंग्रजी माध्यमांत शिकणाऱ्या मुलांस मराठी गायनें वाचावयास कठीण जातात; आणि टिटवाळ्यासारख्या गांवीं आतां जीं ख्रिस्ती कुटुंबें राहावयास आलीं आहेत, त्यांपैकीं अनेकांची मातृभाषा मराठी नाहीं. तेव्हां ज्या एका भाषेंत सर्वांची गांठ पडते तीच भाषा धरावी, असें त्यांचें म्हणणें आहे. उलटपक्षीं, कित्येक जुन्या मराठी घरांतील वडील मंडळी असें विचारितात कीं, महाराष्ट्रांत प्रभूची उपासना करावयास इंग्रजी हवीच कशाला? ह्या दोन्ही मतांचा विचार करून आपलें मत स्पष्टपणें मांडावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमचें मत थोडक्यांत असें कीं, उपासना दोन्ही भाषांत राहावी. परंतु आज ती ज्या रीतीनें होते ती रीत सुधारावी, आणि तींत मराठीस उरलीसुरली जागा न देतां बरोबरीचा मान द्यावा. असें आम्हांस कां वाटतें, तें आतां क्रमानें सांगतों.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. दोन भाषांत देवाची भक्ति करणें ही कांहीं आम्हां ख्रिस्ती लोकांचीच अडचण आहे, किंवा आधुनिक शिक्षणानें उत्पन्न केलेला हा कांहीं घोटाळा आहे, असें कित्येकांस वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. आमच्या गांवच्या प्रसिद्ध महागणपतीच्या देवळांत मंगळवारीं, आणि विशेषेंकरून अंगारकीच्या दिवशीं, किती गर्दी लोटते हें येथील प्रत्येक मूल जाणतें. तेथें जाणारे भाविक अथर्वशीर्ष म्हणतात तें संस्कृतांत, आणि आरती म्हणतात ती मराठींत. मशिदींत नमाज होते ती अरबींत, आणि त्याच अरबी वचनांचा अर्थ मौलवी पुष्कळदां उर्दूंत समजावून देतात. बुद्धविहारांत त्रिशरण व पंचशील पाली भाषेंत म्हटलें जातें, व त्यामागून प्रवचन होतें तें मराठींत. हीं सर्व मुलें आमच्या वर्गांत एकाच बाकावर बसतात. ह्यावरून एवढें दिसून येतें कीं, मनुष्य जेव्हां देवासमोर उभा राहतो तेव्हां त्यास पुष्कळदां दोन भाषांची गरज भासते. एक जी त्यास आपल्या पूर्वजांशीं किंवा दूरच्या बांधवांशीं जोडते, आणि दुसरी जिच्यांत त्याचें हृदय बोलतें. आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांत पहिली जागा इंग्रजीनें घेतली आहे, इतकाच काय तो भेद.

पवित्र शास्त्राचा दाखलाही हेंच सांगतो. नहेम्याच्या ग्रंथांत ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांतील एक मोठी उपासना वर्णिलेली आहे. बाबेलच्या बंदिवासांतून परतलेल्या लोकांपुढें एज्रा शास्त्री नियमशास्त्र वाचून दाखवितो, आणि लेवी लोकांमध्यें फिरून त्याचा अर्थ समजावून देतात. परदेशांत वाढलेल्या ह्या पिढीच्या तोंडीं अरामी भाषा बसली होती व तींतच हा अर्थ सांगितला गेला, असें अनेक पंडित मानतात. पुढें यहूदी सभास्थानांत असा परिपाठच पडला कीं, वाचकानें इब्री वचन वाचावें व दुभाष्यानें तें लोकांच्या बोलींत सांगावें. ह्या दुभाष्यास एक नियम घालून दिलेला होता, तो आम्हांस फार मार्मिक वाटतो: त्यानें आपला आवाज वाचकाच्या आवाजाहून वर चढवूं नये. भाषांतरानें मूळ वचनाची सेवा करावी, त्यावर कुरघोडी करूं नये, असा त्याचा अर्थ आम्ही घेतों.

ख्रिस्ती मंडळीचा जन्मच मुळीं अनेक भाषांच्या गलबल्यांत झाला. पेन्टेकॉस्टच्या दिवशीं देशोदेशींच्या लोकांनीं देवाचीं महत्कृत्यें आपापल्या भाषेंत ऐकिलीं, असें प्रेषितांच्या कृत्यांत सांगितलें आहे. त्या दिवशीं सर्वांस एक भाषा शिकविली गेली नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पुढें चवथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नांवाची एक यात्रेकरू बाई पश्चिमेकडून यरुशलेमास गेली. तिनें आपल्या प्रवासवर्णनांत तेथील उपासनेचें जें चित्र रेखाटलें आहे, तें आज सोळाशें वर्षांनींही टिटवाळ्याच्या वाचकास ओळखीचें वाटेल. बिशप नेहमीं ग्रीक भाषेंत बोलत. त्यांच्या बाजूस एक वडील उभा राहून तेंच सिरियाक भाषेंत सांगत असे. आणि ज्यांस ह्या दोन्ही भाषा येत नसत अशा लातिन बोलणाऱ्यांस, त्यांनीं खिन्न होऊं नये म्हणून, ग्रीक व लातिन जाणणारे बंधु व भगिनी जवळ बसवून अर्थ समजावून देत. त्या प्राचीन मंडळीनें परदेशी यात्रेकरूच्या मनाची एवढी काळजी घेतली. मग आपल्याच घरांतील आजीबाईची काळजी आपण न घेणें शोभेल काय?

आतां आपल्या देशाकडे वळूं. इंग्लंडांत जन्मलेला येशूसंघी पाद्री थॉमस स्टीफन्स हा १५७९ सालीं गोव्यास आला आणि १६१९ सालीं तेथेंच मृत्यु पावला. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांस, जुन्या पुराणांच्या जागीं आपल्या भाषेंत वाचावयास कांहीं हवें होतें. ती गरज ओळखून ह्या परदेशी मनुष्यानें सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ मराठींत रचिलें, व तें १६१६ सालीं राशोल येथें छापून निघालें. नागरी खिळे उपलब्ध नसल्यामुळें तें रोमन अक्षरांत छापावें लागलें. त्या काळीं मिस्सा होत असे ती लातिन भाषेंत, आणि हें पुराण देवळांत लोकांपुढें वाचलें जात असे तें मराठींत. अशा रीतीनें दोन भाषांची उपासना आपल्या पश्चिम किनाऱ्यावर चारशें वर्षांपूर्वींच सुरू झाली होती. तिची परभाषा इंग्रजी नव्हती, आणि तिचा मराठी भाग रचणारा मात्र इंग्रज होता, हा योग चमत्कारिक खरा!

परंतु त्याच गोव्यांत १६८४ सालीं पोर्तुगीज राज्यकर्त्यांनीं असा हुकूम काढिला कीं, लोकांनीं आपली देशभाषा टाकून तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज बोलावयास शिकावें. त्या हुकुमाचा परिणाम काय झाला? कोंकणीचें बरेंच नुकसान झालें, तिच्या लेखनाचा विकास खुंटला. पण ती मेली नाहीं. १९८७ सालीं ती गोव्याची राजभाषा झाली, आणि आज गोव्यांतील देवळांत मिस्सा होते ती बहुतेक कोंकणींत. ह्या इतिहासापासून आम्ही असा बोध घेतों कीं, राजाच्या हुकुमानें भाषा मरत नाहीं. ती मरावयाची तर घरांतच मरते. आईबापांस ती मुलांशीं बोलण्याची लाज वाटूं लागली म्हणजे मरते. आपल्यावर आज कोणाचाही हुकूम नाहीं, म्हणूनच अधिक सावध राहिलें पाहिजे.

प्रॉटेस्टंट मिशनांचा इतिहासही असाच बोलका आहे. विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं श्रीरामपूर येथून मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल व त्यांचे सोबती १८१३ सालीं मुंबईस उतरले, ते मराठी शिकावयास बसले. ‘ज्ञानोदय’ हें पत्र १८४२ सालीं निघालें. हे सारे लोक इंग्रजी बोलणारे होते. परंतु आमच्या पूर्वजांस शुभवर्तमान ऐकविण्यासाठीं आधीं इंग्रजी शिका, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. ते स्वतः विद्यार्थी झाले. तथापि त्यांच्या मराठी उपासनेंत एक उणीव होती. शब्द मराठी असले तरी चाली बव्हंशीं विलायती होत्या, आणि त्या चालींत बसविण्यासाठीं मराठी शब्दांची ओढाताण होत असे. ही उणीव कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनीं आपल्या कीर्तनांनीं भरून काढावयास आरंभ केला, आणि १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं आपल्या अभंगांनीं व भजनांनीं ती जवळजवळ नाहींशी केली. आज ‘उपासना संगीत’ हातीं घेऊन पाहावें. त्यांत विलायती चालींवरील भाषांतरित गायनें आहेत, आणि टिळकांचीं भजनेंही आहेत. मराठी मंडळीचें हें गायनपुस्तकच मुळीं दोन परंपरांच्या मिलाफानें बनलेलें आहे, आणि तें कोणासही विजोड वाटत नाहीं. पंडिता रमाबाई यांनीं तर इब्री व ग्रीक ह्या मूळ भाषांवरून शास्त्राचें भाषांतर करण्यांत आपलें उत्तरायुष्य वेंचिलें. साध्या खेडवळ बाईसही तें समजावें हा त्यांचा हेतु होता. त्या १९२२ सालीं निवर्तल्या, व संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. संस्कृत, इंग्रजी, इब्री, ग्रीक जाणणाऱ्या ह्या विदुषीला साध्या मराठीची लाज वाटली नाहीं.

इंग्रजी उपासनेचा ओघ आपल्या जिल्ह्यांत निराळ्या वाटेनें आला. ठाणें येथील इंग्रजांच्या सेंट जेम्स देवळाचा प्रतिष्ठाविधि १८२५ सालीं बिशप हीबर यांनीं केला. हे हीबर इंग्रजी भजनरचनेसाठींही प्रसिद्ध आहेत. पुढें १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यापर्यंत व १८५४ सालीं कल्याणपर्यंत आगगाडी आली, आणि रेल्वेच्या नोकरीनिमित्त इंग्रजी बोलणारीं कुटुंबेंही ह्या भागांत आलीं. अशा रीतीनें एकाच जिल्ह्यांत इंग्रजी बोलणाऱ्यांचीं देवळें निराळीं व मराठी बोलणाऱ्यांचीं निराळीं राहिलीं. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हां अँग्लिकन परंपरेच्या व अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेच्या मंडळ्या एका छत्राखालीं आल्या. कॅथॉलिक बांधवांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें डिसेंबर १९६३ मध्यें लोकभाषेंत उपासना करण्यास मोकळीक दिली, आणि शतकानुशतकें चाललेल्या लातिनच्या जागीं मराठी, कोंकणी, इंग्रजी ह्या भाषा आल्या. वसईच्या परिसरांतील ख्रिस्ती समाजानें ह्या संधीचें किती सोनें केलें, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच समाजांतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं ‘सुबोध बायबल’ सिद्ध केलें, आणि २०२० सालीं उस्मानाबाद येथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मराठींत प्रार्थना करणारा मनुष्य मराठी समाजापासून तुटत नाहीं, उलट त्याच्या अधिक जवळ येतो, याचें ह्याहून चांगलें उदाहरण कोणतें द्यावें?

येथपर्यंत इतिहास झाला. आतां आपल्या गांवची आजची स्थिति पाहूं. शहाड, मोहनें, अंबरनाथ येथील कारखान्यांत आणि रेल्वेंत काम मिळालें म्हणून अहमदनगर, जालना इत्यादि भागांतून मराठी ख्रिस्ती कुटुंबें कल्याणच्या आसपास येऊन राहिलीं. मुंबईंत घर घेणें परवडेनासें झालें, तसतशीं आणखी कुटुंबें आंबिवली, टिटवाळा, खडवली अशीं कसाऱ्याच्या मार्गानें पुढें सरकलीं. त्यांत मल्याळी आहेत, तामिळ आहेत, मंगळूर व गोव्याकडील कोंकणी बोलणारे आहेत. कल्याण येथें १९८८ सालीं मल्याळी बांधवांच्या सिरो-मलबार परंपरेचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, ह्यावरून त्यांच्या संख्येची कल्पना येईल. ह्या सर्वांस एका ठिकाणीं आणावयाचें तर इंग्रजीवांचून गत्यंतर नाहीं, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों. जे मराठी वडील इंग्रजीस उपासनेंतून हांकलून द्या म्हणतात, त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, ज्या शेजाऱ्यास आपली भाषा येत नाहीं त्यास दाराबाहेर ठेवून केलेली उपासना देवास मान्य होईल असें आम्हांस वाटत नाहीं. एकेकाळीं परदेशी पाहुण्यांनीं आपल्यासाठीं मराठी शिकण्याचे श्रम घेतले. आज आपल्या पाहुण्यांसाठीं थोडी इंग्रजी ऐकून घेण्याचे श्रम आपण घ्यावे.

परंतु केवळ इंग्रजींत उपासना व्हावी असें म्हणणाऱ्यांस आमचें उत्तर अधिक विस्तारानें दिलें पाहिजे, कारण कालाचा ओघ त्यांच्या बाजूनें आहे.

अशीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत कीं, जेथें आजोबा रोज रात्रीं मराठींत प्रार्थना करितात. नातवंडें आदरानें हात जोडून बसतात, परंतु ‘आमेन’ केव्हां म्हणावें हें त्यांस उमगत नाहीं. मुलांस प्रभूची प्रार्थना इंग्रजींत अस्खलित येते, आजीस ती मराठींत येते. पण दोघांस ती एकत्र म्हणतां येत नाहीं. सुखाच्या दिवसांत ह्या गोष्टीचें कोणास फारसें कांहीं वाटत नाहीं. परंतु आजी अंथरुणास खिळली, तिला वाचवेनासें झालें, आणि एखादें स्तोत्र कोणी तरी आपल्याला वाचून दाखवावें असें तिला वाटूं लागलें, म्हणजे त्या घरास काय गमावलें तें कळतें. शाळेंत पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण होणारा नातू तिच्या उशाशीं बसून तिच्या शास्त्रांतील एक अध्याय वाचूं शकत नाहीं! पालकहो, हा दोष त्या मुलाचा नव्हे. आपण त्यास इंग्रजी शाळेंत घातलें तें योग्यच केलें; आमच्या शाळेचें अस्तित्वच त्या इच्छेवर अवलंबून आहे. परंतु इंग्रजी दिली म्हणून मराठी काढून घेतली पाहिजे, असा हिशेब कोणीं सांगितला?

उपासना हें असें एक स्थान आहे कीं, जेथें तीन पिढ्या अजून शेजारीं शेजारीं बसतात. शाळेंत मूल एकटें असतें, कचेरींत बाप एकटा असतो, घरीं प्रत्येकाच्या हातीं आपापला फोन असतो. अशा काळांत एका पुस्तकांतून आजी व नात दोघींनीं मिळून गावें, अशी जागा किती उरली आहे? ती आपल्या हातानें मोडूं नये, हें आमच्या म्हणण्याचें मुख्य मर्म आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, सकाळीं आठ वाजतां मराठी उपासना व दहा वाजतां इंग्रजी उपासना ठेवावी, म्हणजे भांडणच मिटेल. मोठ्या मंडळ्यांत असें होतें, आणि साधारण रविवारीं ती सोय आम्हांस गैर वाटत नाहीं. परंतु नाताळ, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थानदिन अशा दिवशींही तीच सोय ठेविली, तर एकाच घरांतील आजी एका मंडळीची व नात दुसऱ्या मंडळीची होते. भांडण मिटतें खरें, पण मिटतें तें कुटुंब विभागून.

हा प्रश्न आपल्यापुरताच नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०२० च्या जनगणनेप्रमाणें स्पॅनिश वंशाचे लोक सहा कोटींहून अधिक आहेत. तेथें अनेक देवळांत इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन भाषांत उपासना होते, विशेषतः मोठ्या सणांच्या दिवशीं. तेथील तक्रारीही आपल्यासारख्याच असतात: वेळ फार लागतो, आणि दोन्ही बाजूंस अर्धवट समाधान मिळतें. परंतु अनुभवानें तेथील लोक कांहीं रीती शिकले आहेत, आणि त्यांतील पुष्कळ आपल्यासही उपयोगीं पडण्याजोग्या आहेत. आपल्या शाळेच्या उपासनेसाठीं आम्ही पुढील सूचना करितों.

पहिली सूचना अशी कीं, प्रत्येक वाक्याचें लगेच भाषांतर करण्याची पद्धत सोडून द्यावी. कल्याण स्थानकावर एकच सूचना मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांत होते. आपल्या भाषेंतील सूचना कानीं पडली कीं प्रवासी पुढचें ऐकत नाहीं. गाडीसाठीं ही रीत उत्तम आहे. परंतु उपासनेंत ती आणिली म्हणजे प्रत्येकाचें अर्धें लक्ष उडतें आणि वेळ मात्र दुप्पट लागतो. लांबणीचा जो आक्षेप पालक घेतात, त्याचें खरें कारण दोन भाषा हें नसून ही पुनरुक्ति आहे.

दुसरी सूचना शास्त्रपाठाविषयीं. एक पाठ मराठींत वाचावा व दुसरा इंग्रजींत, आणि ज्या पाठाची जी भाषा नसेल त्या भाषेंत तो छापून लोकांच्या हातीं द्यावा. त्या कागदास फार खर्च येत नाहीं. अशानें जो ऐकून समजत नाहीं तो वाचून समजेल, आणि दुसऱ्याची भाषा शांतपणें ऐकण्याची संवयही सर्वांस लागेल.

तिसरी सूचना गायनांची. इंग्रजी गायनाचें भाषांतर करून तेंच पुन्हां गाण्यापेक्षां इंग्रजी गायन इंग्रजींतच गावें, आणि मराठीसाठीं मूळ मराठींत रचिलेलें, मराठी चालीचें भजन घ्यावें. पेटी व तबला यांस त्या दिवशीं रजा नसावी. भाषेचें सत्त्व तिच्या स्वतःच्या गाण्यांत असतें. आमच्या मल्याळी व तामिळ विद्यार्थ्यांनीं टिळकांचें भजन उत्साहानें गाइलेलें आम्हीं ऐकिलें आहे. अर्थ त्यांस नंतर कळला, गोडी आधीं लागली.

चवथी सूचना प्रभूच्या प्रार्थनेविषयीं. ती सर्वांनीं एकाच वेळीं, आपापल्या मातृभाषेंत, मोठ्यानें म्हणावी. मराठी, इंग्रजी, मल्याळम, कोंकणी असे सर्व आवाज एकत्र ऐकूं येतील. प्रथम थोडा गलबला वाटेल, पण प्रत्येकाची प्रार्थना एकाच पित्याकडे जात आहे हें त्या गलबल्यांतूनच उत्तम कळतें.

पांचवी सूचना उपदेशाविषयीं, आणि ती आम्ही अधिक आग्रहानें करितों. आज बहुधा असें घडतें कीं, उपदेश होतो इंग्रजींत, आणि मराठीच्या वांट्यास येतात त्या सूचना, आभार, व जेवणाची व्यवस्था. मराठीस स्वयंपाकघरांत ठेवून इंग्रजीस दिवाणखान्यांत बसविण्याचा हा प्रकार आहे. एका वर्षीं मुख्य उपदेश मराठींत व्हावा आणि त्याचा सारांश पांच मिनिटांत इंग्रजींत सांगावा. पुढील वर्षीं ह्याच्या उलट करावें. ज्या भाषेंत कधींच उपदेश होत नाहीं ती भाषा मुलांच्या नजरेंत हलकी ठरते, मग आपण तिची तोंडानें कितीही स्तुति करा.

राहिला प्रश्न मराठी वाचतां न येण्याचा. हल्लीं मराठी गायनें रोमन अक्षरांत छापून मुलांच्या हातीं देण्याची पद्धत पडली आहे. अडचणीच्या वेळीं ती चालेल. स्टीफन्स यांसही नाइलाजानें तेंच करावें लागलें. परंतु त्यांस नागरी खिळे मिळत नव्हते, आणि आपल्या मुलांच्या दप्तरांत तर मराठीचें क्रमिक पुस्तक आहे! राज्य सरकारनें २०२० सालीं कायदा करून सर्व शाळांत मराठी हा विषय आवश्यक केला आहे. मग शाळेंत परीक्षेपुरती शिकलेली ही लिपि रविवारीं निरुपयोगी कां ठरावी? रोज रात्रीं शास्त्रांतील पांच ओळी मुलानें मोठ्यानें वाचाव्या, आणि आजीनें किंवा आईनें चुका सुधाराव्या. एका वर्षांत तें मूल कोणतेंही गायन न अडखळतां वाचील, अशी खात्री आम्ही आमच्या वर्गांतील अनुभवावरून देतों.

हा लेख वाचणारे आमचे बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्ती नाहींत, हें आम्ही विसरलों नाहीं. त्यांसही ह्यांत घेण्यासारखें कांहीं आहे. ज्ञानदेवांनीं शके १२१२ मध्यें गीतेचा अर्थ मराठींत आणिला, आणि त्याआधीं चक्रधरस्वामींनीं आपलें तत्त्वज्ञान लोकांच्या बोलींतच सांगितलें. साधारण मनुष्याला समजेल अशा भाषेंत देवाविषयीं बोलावें, ही ह्या भूमीची जुनी रीत आहे. आम्ही ख्रिस्ती लोक तिचेच वारस आहों. तुमच्या घरीं जो मंत्र, जी आयत, किंवा जी गाथा तुम्ही पाठ म्हणतां, तिचा अर्थ आपल्या आजोबांस विचारा, आणि तो त्यांच्याच शब्दांत ऐका. इंग्रजी पुस्तकांत तो अर्थ कदाचित् अधिक पंडिती मिळेल, पण आजोबांच्या तोंडून येणारा अर्थ दुसरीकडे मिळणार नाहीं.

करिंथच्या मंडळीस लिहितांना संत पौलानें स्पष्ट केलें आहे कीं, दुसऱ्यास न समजणाऱ्या भाषेंतील हजारों शब्दांपेक्षां समजतील असे पांचच शब्द बोललेले बरे. ह्या एका कसोटीवर आपली प्रत्येक उपासना घासून पाहावी. शेवटच्या रांगेंत बसलेल्या म्हाताऱ्या बाईस पांच शब्द तरी समजले काय? पहिल्या रांगेंतील लहान मुलास समजले काय? आणि नुकत्याच राहावयास आलेल्या परप्रांतीय शेजाऱ्यास समजले काय? तिघांचें उत्तर ‘होय’ असें येईपर्यंत व्यवस्थेंत फेरफार करीत राहावें. एकाला गप्प बसवून दुसऱ्याची सोय करूं नये.

एज्राच्या त्या उपासनेंत लोक शास्त्र ऐकून आधीं रडले, आणि मग घरोघरीं जाऊन त्यांनीं आनंद केला, कारण जें सांगितलें तें त्यांस समजलें होतें, असें तेथें नमूद आहे. येत्या नाताळांत आपल्या सभागृहांतून घरीं जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबास असाच आनंद लाभावा अशी आमची इच्छा आहे. त्यासाठीं शाळेनें वरील सूचनांचा विचार करावा, पालकांनीं घरीं रोज पांच ओळींचा नेम धरावा, आणि विद्यार्थ्यांनीं सुटीपूर्वीं निदान एक मराठी भजन व प्रभूची प्रार्थना मराठींत मुखोद्गत करावी. इंग्रजी प्रार्थना ज्यांस येते त्यांनीं ती आजीस शिकवावी. तिलाही शिकण्याची हौस असते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.